सीनेच्या पुराला फ्लोरिडाचा सल्ला

आत्याचा फोन आला तेव्हा ती पाठ केलेलं म्हणून दाखवत होती. "वारं लई होतं. पत्रं उडालं. मग वरनं पाऊस आत आला. बरोबर हाय न्हवं?" मी म्हटलं, आत्या, तुझ्या घराला पत्रे आहेत कुठे, स्लॅब आहे. तर म्हणाली, "आरं, मोबाइलवर आलंय. सायबापुढं पाणी म्हणायचंच न्हाई म्हणं."

सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात सीनेचं पाणी तिच्या घरात शिरलं. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद पडला, तेच दिवस. ती परत गेली तेव्हा सोप्यात घोट्याएवढा गाळ होता, फ्रीज आडवा पडला होता, ज्वारीच्या पोत्याला मोड आले होते आणि चारी भिंतींवर खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत एकसारखी तपकिरी रेघ उमटली होती. अशा घरात उभं राहून तिनं नुकसान मोजायला येणाऱ्या विमा कंपनीच्या सर्व्हेयरला सांगायचं होतं, की वारं लई होतं!

तो मेसेज मग मी मागवून घेतला. "पूरग्रस्तांनो, विमा कंपनीच्या जाळ्यात अडकू नका" असं वर लाल अक्षरात. खाली सहा मुद्दे. घरविम्यात पूर बसत नाही, म्हणून नुकसान वादळानं झालं असंच सांगा. क्लेम टाकायला एक वर्ष असतं, घाई करू नका. बँकेनं काढलेला विमा कामाचा नसतो. सर्व्हेयरचा आकडा शेवटचा असतो. म्हणून कंपनीशी आपल्या बाजूनं भांडायला स्वतःचा "पब्लिक अ‍ॅडजस्टर" नेमा, तो फक्त 10 टक्के घेतो. आणि सहावा, "फेमाकडे अर्ज करा".

सहाव्यापाशी माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे फेमा म्हणजे परकीय चलनाचा 1999 चा कायदा. आत्याच्या फ्रीजचा आणि डॉलरचा काय संबंध? पण अमेरिकेत याच नावाची सरकारी आपत्ती यंत्रणा आहे. कुणीतरी तिकडचा हरिकेनवरचा सल्ला उचलला, भाषांतर केलं आणि सीनाकाठी सोडून दिला.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. अमेरिकेत नेहमीच्या घरविम्यात वारा बसतो, पूर बसत नाही. पुरासाठी 1968 पासून वेगळी सरकारी विमा योजना आहे. त्यामुळे 2005 च्या कॅटरिना वादळानंतर हजारो घरांपुढे एकच भांडण उभं राहिलं: घर वाऱ्यानं पाडलं की पाण्यानं? कित्येक ठिकाणी नुसता पाया उरलेला, साक्षीला भिंतसुद्धा नाही. वारा ठरला तर कंपनी देणार, पाणी ठरलं तर सरकारी योजना. त्या मातीत "पाणी म्हणू नका" या सल्ल्याला निदान काही बूड तरी आहे.

इथे काय आहे? आत्याच्या गृहकर्जाच्या फाइलमधून मी पॉलिसी काढली. वर नाव "भारत गृह रक्षा". विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेनं 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ठरवून दिलेली ही पॉलिसी. कंपनी कुठलीही असो, मजकूर तोच. त्यात कशाकशाचं नुकसान धरलंय त्या यादीत वादळ, चक्रीवादळ, पूर आणि जलमय होणं हे सगळं एका ओळीत आहे. मी विम्यातला माणूस नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादर कारखान्याचे हिशेब लिहितो. पण ऑक्टोबर 2020 च्या पावसात आमचं सूत भिजलं तेव्हा क्लेमची फाइल मीच फिरवली, आणि आमच्या आगीच्या पॉलिसीतसुद्धा हे चौघं एकत्रच नांदतात, इंग्रजी आद्याक्षरं जोडून "एसटीएफआय" म्हणून. आपल्याकडे वारा की पाणी हा वादच नाही.

म्हणजे खोटं बोलून आत्याला एक रुपया जास्त मिळणार नव्हता. उलट जे हक्काचं आहे तेही गेलं असतं, कारण क्लेममध्ये खोटी माहिती दिली तर क्लेम बाद, ही अट त्याच पॉलिसीत आहे. सर्व्हेयर भिंतीवरची रेघ बघणार, मग स्लॅब बघणार, आणि मग आत्याकडे बघणार. कंपनीला नाही म्हणायला कारण हवंच असेल, तर हे आपण ताटात वाढून दिलं. मेसेज लिहिणारा कंपनीचाच हितचिंतक असावा अशी मला शंका आहे.

एक वर्षाची गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची. डिसेंबर 2022 च्या कायद्यानंतर तिथे नवा क्लेम कळवायला नुकसानीच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. आपल्या पॉलिसीत नुकसान लगेच कळवायचं असतं. उशीर झालाच असेल तर हातपाय गाळू नका. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या कारणावरून नकार देऊ नये, असं आयआरडीएआयचं 2011 चं परिपत्रक आहे. पण ते अडल्यानडल्यासाठी. मुद्दाम वाट बघितली तर गाळ धुतला जातो, भिंतीला चुना लागतो, फ्रीज भंगारवाला नेतो. मग दाखवणार काय?

10 टक्केवाला अ‍ॅडजस्टर हाही तिकडचाच. फ्लोरिडात त्याला परवाना असतो, आणि जाहीर आपत्तीतल्या क्लेमवर त्यानं 10 टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही असा कायदा आहे. आपल्याकडे असा परवानाच नाही. परवाना असतो तो सर्व्हेयरला, आणि त्याची फी कंपनी देते. तरी आत्याच्या गावात एक जण "क्लेम काढून देतो" म्हणत प्रत्येक घरातून दोन हजार आगाऊ मागत फिरतोय. मेसेज आधी आला की हा गडी आधी, एवढंच कळायचं बाकी आहे.

बँकेच्या विम्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. कर्जासोबत बँक बऱ्याचदा जो विमा गळ्यात मारते तो घराचा नसतोच, कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. घर वाहून गेलं तरी त्यातून काही येत नाही. म्हणून पॉलिसीचं पहिलं पान वाचा. आत्याकडे दोन्ही निघाल्या, आणि बँकेतल्या माणसानं तिला फक्त आयुष्याची दाखवून परत पाठवलं होतं.

सर्व्हेयरबद्दलचा राग मात्र मला कळतो. आमच्या भिजलेल्या सुताच्या कोनांना "वाळवून वापरता येईल" असा शेरा मारून अर्धी रक्कम कापली होती. कंपन्या साव आहेत असं मी म्हणणार नाही. कॅटरिनानंतर मिसिसिपीत स्टेट फार्म या कंपनीनं वाऱ्याचं नुकसान पुराचं म्हणून सरकारी योजनेच्या गळ्यात घातलं, असा निकाल ज्युरीनं दिला. कंपनीच्याच कामावरच्या दोन बहिणींनी ते उघड केलं होतं, आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही कंपनी हरली.

पण आकडा शेवटचा? नाही. प्रदीप कुमार यांच्या ट्रकच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये सांगितलंय, की सर्व्हेयरचा अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. (एक वर्ष मोजायचंच असेल तर ते इथे मोजा!) नाहीतर सोलापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

काल रात्री आत्याच्या घराचे फोटो काढून आलो. भिंतीला टेप लावून रेघेचा, फ्रीजच्या मागच्या पट्टीवरच्या नंबराचा, मोड आलेल्या ज्वारीचा. सर्व्हेयर बुधवारी येतोय. सोप्याची भिंत तोवर पुसू नको म्हटलं, तर आत्या वैतागली. "दिवाळी तोंडावर आली की रं. रंग कवा द्यायचा?"

गुरुवारी दे म्हटलं. आणि बुधवारी त्यानं विचारलं काय झालं, तर पाणी आलं म्हणून सांग.