‘हेरिटेजमध्ये गेलं की घर गेलं’ : हे खरं नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवरून आला. तो बराच लांबलचक आहे, पण त्याचा गाभा एवढाच: ‘तुमची इमारत मुंबईच्या हेरिटेज यादीत गेली तर सावध व्हा. घरात खिळाही ठोकता येणार नाही. शंभर मीटरच्या आत बांधकाम बंद. पुनर्विकास कायमचा मेला. बंद खोलीत बसून चार आर्किटेक्ट हे ठरवतात, आपल्याला कुणी विचारत नाही. आणि हे सगळं इंग्रजांच्या इमारती जपायला. मालकाला मिळतं शून्य. जुन्या इमारती कोसळून माणसं मरतात ती या समितीमुळेच.’

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढते. मुंबई वारसा जतन समितीपुढे फायली घेऊन गेले आहे, त्या परत आलेल्या पाहिल्या आहेत, उशिरामुळे चिडलेही आहे. त्यामुळे सगळं उत्तम चाललंय असं मी म्हणणार नाही. पण हा मेसेज वाचून गिरगावातल्या एका आजींचा मला फोन आला. ‘अगं, आमच्या गॅलरीचा कठडा कुजलाय. तो बदलला तर आम्हाला दंड होईल का गं?’ घाबरून त्यांनी तो कठडा एक अख्खा पावसाळा तसाच ठेवला होता. त्याला धरून त्यांची नात उभी राहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहिते आहे.

खिळ्यापासूनच सुरू करू. मुंबईची वारसा नियमावली १ जून १९९५ पासून लागू झाली. महापालिका क्षेत्रासाठी अशी नियमावली करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. तेव्हा ती विकास नियंत्रण नियमावलीत ६७ व्या क्रमांकावर होती, आताच्या, २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत ती ५२ व्या क्रमांकावर आहे. यादीतल्या वास्तूवर पाडकाम, वाढीव बांधकाम, दुरुस्ती, गिलावा, रंगकाम करायचं असेल तर आधी पालिका आयुक्तांची लेखी परवानगी घ्यावी लागते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. रंगकामसुद्धा त्यात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण परवानगी लागते आणि बंदी आहे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शहरात साधी भिंत हलवायलाही परवानगी लागतेच की.

शिवाय सगळ्या इमारती एका मापाने मोजल्या जात नाहीत. ग्रेड एक म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. तिथे आतबाहेर कुठेही हात लावायचा तो इमारत बळकट करण्यासाठी, तिचं आयुष्य वाढवण्यासाठीच. ग्रेड दोन-अ मध्ये आतले बदल, नवा वापर हे काटेकोर छाननी करून चालतं. दोन-ब मध्ये त्याच आवारात जोडबांधकामही काही परिस्थितीत मंजूर होऊ शकतं, फक्त ते मूळ वास्तूशी विसंगत नको. आणि ग्रेड तीनमध्ये आतले-बाहेरचे बदल सर्वसाधारणपणे मान्य होतात, वास्तूचं वैशिष्ट्य राहिलं म्हणजे झालं. आजींचं घर या शेवटच्या गटातलं. त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांचा फोटो लावायला खिळा ठोकायचा तर कुणालाही विचारायची गरज नाही.

त्यांचा कठडा मी जाऊन पाहिला. वरची मूठ सागवानी, शंभर वर्षं हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली, आणि अजून खणखणीत. उभ्या कातीव दांड्यांपैकी चारच सैल. कुजलं होतं ते फक्त खालचं आडवं लाकूड, तेही जिथे पाणी साचतं त्या कोपऱ्यात, सव्वा हातभर. बोट दाबलं तर भुसा निघत होता. याला उपाय काय? तेवढा तुकडा कापायचा, तिथे जुनंच सागवान सांधायचं, आणि पाणी का साचतं ते बघून लादीला उतार द्यायचा. अशा कामाला समिती कशासाठी नाही म्हणेल? ती नाही म्हणते ते अख्खा कठडा उपटून तिथे अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायला. एका बिऱ्हाडाने तसं केलं की पाच वर्षांत सगळा मजला करतो, आणि मग वाडीत गॅलऱ्या उरत नाहीत, नुसत्या काचा उरतात.

शंभर मीटरची गोष्ट तर वेगळ्याच कायद्यातली उचलून इथे चिकटवली आहे. केंद्राच्या १९५८ च्या पुरातन वास्तू कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे, आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये नियंत्रण. मुंबईत शीवचा किल्ला, पुण्यात शनिवारवाडा ही अशी स्मारकं. शनिवारवाड्याजवळच्या वाड्यांत राहणाऱ्यांचे या नियमामुळे खरोखर हाल होतात आणि त्यांची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे. पण तिचा पत्ता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि केंद्राचं स्मारक प्राधिकरण हा आहे. महापालिकेच्या यादीत एखादी चाळ आली म्हणून तिच्याभोवती शंभर मीटरचं वर्तुळ कुणी आखत नाही.

पुनर्विकासाबद्दल थोडं जपून बोलायला हवं, कारण इथे लोकांची भीती पोकळ नाही. घर गळतंय, जिना हलतोय, बिल्डर दारात उभा आहे आणि कुणीतरी सांगतं की यादीमुळे सगळं अडलं. ग्रेड एकची वास्तू पाडून तिथे टॉवर होणार नाही, हे खरंच आहे, आणि ते तसंच असायला हवं. पण यादीचा मोठा भाग ग्रेड तीन आणि वारसा परिसर यांचा आहे. त्यांतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती मंडळासाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या पुनर्विकासासाठी शासनाने वेळोवेळी नियम सैल केले आहेत. माझं मत विचाराल तर काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त सैल केले. खोताची वाडी बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोतांनी वसवलेली ही वाडी. पासष्टच्या आसपास असलेली तिथली जुनी घरं आता निम्मीही उरलेली नाहीत. समिती जर पुनर्विकासाचा गळा घोटत असती, तर ही घरं गेली कशी?

‘बंद खोलीतले चार आर्किटेक्ट’ हे तर ज्याने लिहिलं त्याने नियमावली उघडलेलीच नाही. समितीचा अध्यक्ष शासन नेमतं. सदस्यांमध्ये वास्तुविशारद असतात, पण त्यांच्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो, शहराच्या इतिहासाचा जाणकार असतो, पर्यावरणाचा अभ्यासक असतो, पालिकेचे अधिकारी असतात. आणि मुख्य म्हणजे समिती परवानगी देत नाही. ती सल्ला देते. परवानगी आयुक्त देतात. अपवादात्मक प्रसंगी आयुक्त समितीचा सल्ला बाजूलाही ठेवू शकतात, मात्र त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार त्यांना हाताखालच्या कुणाकडे सोपवता येत नाही. या नियमातला ‘लेखी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. एखादी वास्तू का पाडली हे कुणीतरी सहीनिशी कागदावर लिहून ठेवायला बांधील आहे. उद्या कोर्टात जायचं तर नागरिकाच्या हातात तोच कागद असतो.

‘आपल्याला कुणी विचारत नाही’ म्हणाल तर यादीत फेरफार करण्यापूर्वी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. २०१२ साली शेकडो नव्या वास्तू आणि परिसरांची प्रस्तावित यादी जाहीर झाली. त्यात शिवाजी पार्क होतं, दादर-माटुंग्याच्या वसाहती होत्या. तेव्हा केवढा गदारोळ झाला ते दादरकरांना आठवत असेल. सभा झाल्या, हरकतींचे गठ्ठे गेले, सुनावण्या झाल्या. त्यातल्या कितीतरी जणांशी माझं पटलं नाही, पण त्यांना विचारलंच नाही असं म्हणता येणार नाही.

आता इंग्रजांच्या इमारती. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात आपल्याच माणसांची नावं आपण पुसतो. व्हीटी, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक स्टीव्हन्सचं म्हणून सांगितलं जातं. पण त्याच्यासोबत सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. कमानींवरचे मोर, माकडं, पानंफुलं घडवली जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी. राजाबाई टॉवरचा आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि मनोऱ्याला नाव दिलं आपल्या आईचं. त्या मनोऱ्यावर उंच बघा, या भागातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं आपापल्या पगडी-पागोट्यांत दगडात उभी आहेत. ती घडवून घेतली रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. खाली रस्त्यावरून जाताना एकदा मान वर करून पाहा, त्या पागोट्यांच्या घड्या कोण्या परक्याला अशा जमल्या नसत्या.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभं राहावं म्हणून झटले ते स्वतः भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट. पालिकेच्या मालकीची ही वास्तू नीट दुरुस्त झाली आणि २००५ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यातल्या आर्ट डेको इमारती भारतीय मालकांनी, भारतीय भाडेकरूंसाठी, १९३० च्या दशकात बांधल्या. मरीन ड्राइव्हवरचा सूना महल, ओव्हलसमोरचा एम्प्रेस कोर्ट यांचे वास्तुविशारद गजानन म्हात्रे. आणि मुंबईच्या ज्या हेरिटेज यादीबद्दल आपण बोलतोय तिच्यात बाणगंगेचा तलाव आहे, मणिभवन आहे. याला इंग्रजांचं कौतुक कसं म्हणायचं?

‘मालकाला शून्य’ यात मात्र अर्धं खरं आहे. नियमानुसार यादीमुळे मालकाचे विकासाचे हक्क बुडत असतील तर त्याला त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा किंवा विकण्याचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे. परवानगीने वापर बदलता येतो. ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडलं होतं. गोंडल संस्थानच्या घराण्याची ही मालमत्ता, दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा नाट्यगृह म्हणून उघडली. दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानांच्या पाट्यांनी कमानी झाकून गेल्या होत्या. दुकानदारांशी बोलून पाट्या कमानींच्या आत नेल्या, रस्ता मोकळा दिसू लागला, आणि एकाही दुकानाचा धंदा त्यासाठी बंद करावा लागला नाही.

पण ऑपेरा हाऊसच्या मालकाची गोष्ट वेगळी आणि गिरगावातल्या आजींची वेगळी. टीडीआर मालकाला मिळतो, भाडेकरूला नाही. दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारता येईल असं नियमावलीत म्हटलं आहे, पण आजींसारख्या माणसाला सुताराचं बिल भरायला त्यातून पैसे मिळालेत असं माझ्या कामात एकदाही घडलेलं नाही. समितीला शिव्या घालायच्याच असतील तर याच्यासाठी घाला. निधी द्या, छोट्या दुरुस्तीच्या फायली पंधरा दिवसांत निकाली काढा, नमुना नकाशे मराठीत छापा, म्हणून पालिकेच्या मागे लागा. मी तुमच्याबरोबर येईन.

राहिला कोसळणाऱ्या इमारतींचा आरोप. हा सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात खोटा. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा मुंबई शहरात उपकरप्राप्त इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. १९९५ च्या वारसा यादीतल्या नोंदी सहाशेच्या घरात. म्हणजे जीर्ण इमारतींचा प्रश्न या यादीच्या कितीतरी आधीचा आणि कितीतरी मोठा आहे. तो आला १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यातून. भाडी १९४० च्या पातळीला गोठली. महिन्याला दहा-वीस रुपये भाडं घेणारा मालक छप्पर कशाला शाकारेल? मग पिंपळ उगवला, पाणी भिंतीत शिरलं, तुळया कुजल्या.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन हे त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण. १८६० च्या दशकात इंग्लंडहून बिडाच्या लोखंडाचा सांगाडा आणून उभारलेलं हे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ इथे झाला. पुढे त्याच्या खोल्याखोल्यांत कचेऱ्या भरल्या, पोटमाळे चढले, न्हाण्या वाढल्या. २००५ साली सज्जांचा भाग कोसळला, २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. ती वारसा यादीत होती. तिची दुरुस्ती करू नका असं कुणीही सांगितलं नव्हतं. कित्येक वर्षं ती कुणी केलीच नाही.

आणि जिथे केली जाते तिथेही अनेकदा चुकीची होते. मालाडच्या पिवळ्या दगडाची भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो, भिंतीत गेलेलं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं. त्यावर कंत्राटदार सिमेंटचा गिलावा थापतो. पाणी आत अडकतं, दगडाचे पापुद्रे सुटतात, आतल्या तुळईचं टोक कुजतं. बाहेरून भिंत नवी कोरी दिसते. अशी भिंत मी खरवडून पाहिली आहे, सिमेंटमागचा दगड हातात वाळूसारखा आला. परवानगीच्या फायलीत ‘गिलावा कशाचा’ हा प्रश्न विचारला जातो तो याच्यासाठी.

आजींचा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. सात फोटो, कठड्याचा एक नकाशा, सुताराचं अंदाजपत्रक आणि घरमालकाची सही. सही मिळवायलाच सगळ्यात जास्त दिवस लागले. परवानगी येईपर्यंत आम्ही कुजलेल्या कोपऱ्याला बांबू बांधून ठेवला आहे, आणि नातीला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायला सांगितलं आहे.