बिनदिव्यांचा गेमिंग पीसी

"जावईबापू, बाकी सगळं ठीक आहे. पण दिवे कुठायत?"

कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू आवळला जात असताना बायकोच्या मामांनी हा प्रश्न टाकला आणि मला तो अजून सलतोय. पहिलाच गेमिंग पीसी, खिसा तोकडा, एक पार्ट घ्यायचा तर दुसऱ्यावर पाणी सोडायचं, असं करत करत जमवलेलं सामान. त्याचा निकाल एका वाक्यात: नापास. सासरचं माणूस, त्यामुळे तोंडावर बोलता येत नाही. म्हणून लिहितोय.

मामा, कॅबिनेटच्या आत फिरणाऱ्या त्या रंगीत दिव्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात गेले, म्हणजे गेमचं चित्र उभं करणाऱ्या पार्टात.

कमी पैशातल्या गेमिंग पीसीचं गणित सरळ आहे. एकूण रकमेतला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या ग्राफिक्स कार्डाचा. प्रोसेसर सहा कोअरचा, म्हणजे आत सहा कामकरी असलेला, मिळाला तर उत्तम, नाहीतर इंटेलच्या आय-३ १२१००एफसारखा चार कोअर, आठ थ्रेडचाही (चार कामकरी, एका वेळी आठ कामं) चालतो. त्याच्या नावातला शेवटचा 'एफ' मात्र नीट वाचायचा: आत ग्राफिक्स नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात खुपसली की पडदा काळाच राहणार. ती कार्डाच्याच पोर्टात जाते. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर त्याच्याच डब्यातला. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं. काचेच्या तोंडाचं दिसतं झकास, पण आतले पंखे हवा काय काचेतून ओढणार?

मामा खुर्ची ओढून बसले तेव्हा मदरबोर्ड नुकता बाहेर निघाला होता. या क्षेत्रातला त्यांचा अधिकार एका घटनेवर उभा आहे. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला की ते रॅम काढून खोडरबरने घासत आणि तो चालू होत असे. यात खोटं काही नाही. जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, तो रबराने निघतो. बऱ्याच वेळा तर नुसती काढून पुन्हा नीट बसवल्यानेच काम होतं आणि श्रेय रबराला जातं.

"रॅम उघडलीत का? आणा इकडे. खोडरबर आहे ना घरात?"

"मामा, नवी आहे. आत्ताच पाकीट फोडलं."

"नवीच घासून घ्यावी. नंतर त्रास नको."

रॅम मी पाठीमागे लपवली. वयाने एवढ्या मोठ्या माणसापासून वस्तू लपवायची वेळ यावी, हेच मुळात अपमानास्पद. मग रॅम बसवायच्या खाचांचा विषय निघाला. बोर्डावर चार खाचा होत्या आणि आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या.

"पहिली सोडून दुसरीत का घालताय?"

"प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी, मामा. इथे लिहिलंय बघा, ए२ आणि बी२."

"पहिली खराब आहे का? मग बोर्ड बदलून घ्या. आत्ताच घ्या, नंतर कोणी विचारत नाही."

"खराब नाहीये. या दोन खाचा वेगवेगळ्या चॅनेलवर आहेत, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगवेगळ्या रस्त्यांवर. पहिल्या दोन्हीत घातल्या तर एकाच चॅनेलवर येतात आणि वेग निम्मा होतो."

"मग पहिली आणि तिसरी घाला."

इथे मी थबकलो, कारण प्रश्न बरोबर होता. चॅनेल दोन्ही मिळतात, मग पहिली-तिसरी का नको? बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून निघालेली तार आधी जवळच्या खाचेतून जाते आणि लांबच्या खाचेत संपते. पट्टी जवळच्या खाचेत बसवली की पुढचं रिकामं टोक लोंबकळत राहतं, सिग्नल तिथे आपटून परत येतो आणि जास्त वेगावर रॅम गडबडते. हे सगळं मी सांगितलं. हातवारे करून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून पाहुण्यांना मागे बसवायचं."

"तसंच समजा."

"आणि जीबी तेवढेच?"

"तेवढेच."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

पुढे ते खुर्चीतून उठले आणि कूलर हातात घेऊन उलटा करून बघू लागले. डब्यातल्या कूलरच्या बुडाला प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, एकसारखी, अगदी आखल्यासारखी. मामांनी तर्जनीने तीत एक सरळ रेघ ओढली, बोट नाकाशी नेलं, मग अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"ग्रीस सुटलंय वाटतं याचं."

आता ती पेस्ट पुसणं आलं. बिनधाग्याचं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कूलरचं बूड लख्ख करायचं, मग नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका प्रोसेसरच्या मधोमध टाकायचा आणि वरून कूलर सरळ दाबायचा. बोटाने पसरायची गरज नसते, दाबाने ती आपोआप पसरते. कूलर स्क्रूंचा असेल तर चारही स्क्रू कर्णावरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळायचे. एक कोपरा आधीच घट्ट केला की कूलर तिरपा बसतो आणि तापमान चढतं. पेस्टची ट्यूब बजेटमध्ये नव्हती. ती वेगळी आणावी लागली, आणि तो खर्च कुणाच्या नावावर टाकायचा हे मी घरात अजून बोललेलो नाही.

पॉवर सप्लायवर त्यांचा सल्ला तयारच होता. "माझ्याकडे जुना पडलाय, पाचशे वॅटचा. फुकट न्या." दिलदार माणूस, यात शंका नाही. पण फुकटच्या पाचशे वॅटांचं स्टिकर वाचायला शिकलं पाहिजे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. त्या रकान्याखाली १८ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टचे, किंवा नुसतेच स्टिकरचे. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि १३० वॅटच्या आसपासचं कार्ड असेल तर चांगल्या जातीचा ५५० वॅटचा सप्लाय आरामात पुरतो. '८० प्लस'चा शिक्का कार्यक्षमतेचा असतो: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे पोचते एवढंच तो सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर सप्लाय स्वतःहून बंद पडेल की कार्डाला घेऊन जाईल, याबद्दल तो काही बोलत नाही. आणि जुन्या मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, सप्लायच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. सॉकेटमध्ये बसतात, पण सप्लायकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. हार्ड डिस्क जाळायचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

आता दिवे. मामांच्या पुतण्याच्या कॉम्प्युटरमध्ये म्हणे इंद्रधनुष्य फिरतं, आणि "त्याने गेमही फास्ट चालतो." दिव्यांची रॅम आणि बिनदिव्यांची रॅम, आकडे सारखे असतील तर कामही सारखंच. शिवाय दिव्यांच्या दोन जाती: ५ व्होल्टचे तीन पिनांचे आणि १२ व्होल्टचे चार पिनांचे. पाचचे दिवे बारावर लावले तर तेही लागतात. एकदा.

मामांवर मी रागावलोय, पण त्यांना हे शिकवलं कोणी? डब्यावरच्या चित्रांनी. ज्याचे पैसे मोजके, त्यालाच इथे जास्त हुशार असावं लागतं, हे काही बरोबर नाही. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड २०१७ साली आलं. दुसऱ्या वर्षी त्याच नावाने संथ डीडीआर४ मेमरीची आवृत्ती काढली. पहिलीची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वाहून नेते, दुसरीची साधारण १७. नाव तेच. २०१६ मधलं जीटीएक्स १०६० घ्या. ६ जीबीचं आणि ३ जीबीचं, वाटतं की फरक फक्त मेमरीचा. पण पहिल्यात १२८० कोअर आहेत आणि दुसऱ्यात ११५२. मग एएमडीचं २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी. स्वस्तातलं म्हणून आणलेलं, पण त्याला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन. पीसीआयई ४.० च्या नव्या बोर्डावर ते निभावून जातं. ३.० च्या जुन्या बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम झटके खातो. जुन्या बोर्डात स्वस्त कार्ड बसवणारा माणूस कोण असतो? तोच, मोजक्या पैशांचा. जुनं कार्ड घ्यायचं तर बनावट नावाची कार्डंही फिरतात. पैसे देण्याआधी ते चालत्या कॉम्प्युटरमध्ये बसवून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघायचं. ओळखीच्या नकलांच्या नावापुढे ते चक्क 'फेक' असं लिहितं.

जोडणीत बाकी फार काही नाही. मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट सुटी असेल तर ती मदरबोर्डच्या आधी कॅबिनेटमध्ये बसवायची, नंतर आठवली तर सगळं उपसावं लागतं. बोर्डाखालचे पितळी खांब बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एखादा जादा खांब नको तिथे टेकला की शॉर्ट. आठ पिनांचे प्लग दोन असतात. चार-चारमध्ये फुटणारा प्रोसेसरचा, सहा-दोनमध्ये फुटणारा कार्डाचा. जोर लावून अदलाबदल करू नये. चोवीस पिनांच्या प्लगला मात्र खरंच जोर लागतो, बोर्ड वाकलेला पाहून जीव वर येतो. एम.२ एसएसडीचा, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या छोट्या डिस्कचा, स्क्रू तांदळाच्या कणीएवढा. तो कॅबिनेटच्या पिशवीत सहसा नसतो, मदरबोर्डच्या डब्यात कुठल्यातरी पुठ्ठ्याखाली असतो किंवा बोर्डावरच लावलेला असतो.

आणि चालू झाला म्हणजे झालं, असंही नाही. ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम पहिल्यांदा चालू केल्यावर बहुधा २१३३ किंवा २४०० वर चालते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा लिहिलेला वेग देणारं सेटिंग, चालू करेपर्यंत कोणी सांगत नाही. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर विंडोज खुशाल ६० वर लावून ठेवतं. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन तो आकडा हाताने बदलावा लागतो. तिथे यादीत १४४ दिसलंच नाही, तर दोष केबलचा किंवा पोर्टाचा. काही मॉनिटरांचं एचडीएमआय पूर्ण वेग घेत नाही, डिस्प्लेपोर्ट घेतं. डब्यात केबल कुठली निघते ते मी सांगायला नको.