फॉर्मेशन फक्त एअर शोपुरतं नसतं

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘लढाऊ विमानं फॉर्मेशनमध्ये उडतात ती दिखाव्यासाठी. लढाईत विंगमनचं काम एवढंच, लीडरचं शेपूट धरून राहायचं. आणि आता क्षेपणास्त्रं आल्यावर तेही कालबाह्य झालंय.’ (फॉर्मेशन म्हणजे ठरावीक रचनेत एकत्र उडणं, विंगमन म्हणजे लीडरच्या जोडीला उडणारा वैमानिक.) यातलं एकही विधान टिकत नाही.

पंखाला पंख लावून कोणी लढत नाही, एवढं खरं. हा धडा महागात पडला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश वैमानिक तीन-तीन विमानांच्या घट्ट ‘व्ही’ आकारात लढायला जात. आपण आदळू नये म्हणून बाजूच्या दोघांचे डोळे लीडरच्या पंखावर खिळलेले, म्हणजे आकाश न्याहाळायला उरला तो लीडर एकटाच. जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धातच ही चूक सुधारली होती. जर्मन वैमानिक वेर्नर मोल्डर्स यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. दोन-दोनच्या जोड्या, चार विमानं, पसरलेल्या हाताच्या चार बोटांच्या टोकांसारखी, जोडीतलं अंतर सुमारे 200 मीटर. एवढं अंतर मिळालं की चौघांचेही डोळे मोकळे होतात. पुढे ब्रिटिशांनीही हीच रचना उचलली. म्हणजे इथे सोडलं ते घट्ट फॉर्मेशन, फॉर्मेशन नव्हे.

विंगमन म्हणजे शेपटाचा पहारेकरी, हे तर अमेरिकी नौदलाचे वैमानिक जॉन थॅच यांनी 1941 मध्येच खोडून काढलं. जपानी झीरो विमान त्यांच्या वाइल्डकॅट विमानापेक्षा फारच चपळ होतं. थॅच रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून उपाय शोधत बसले. दोन काड्या शेजारी-शेजारी, मध्ये मोकळी जागा. शत्रू एकीच्या मागे लागला की दोघींनी एकमेकींकडे वळायचं. पाठलाग करणारा तसाच मागोमाग वळला, तर थेट दुसरीच्या बंदुकांसमोर येतो. 4 जून 1942 ला मिडवेच्या लढाईत अवघी सहा विमानं घेऊन त्यांनी हे प्रत्यक्ष वापरलं. यात लीडर आणि विंगमन दोघंही शिकारी, दोघंही आमिष. मला फॉर्मेशनचा सगळा अर्थ या काड्यांतच दिसतो.

राहिली क्षेपणास्त्रं. लढाऊ विमानाच्या नाकातलं रडार साधारणपणे समोर, दोन्ही बाजूंना 60-60 अंशांपर्यंत बघतं. मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. जोडीदार दोन-तीन किलोमीटरवर समांतर उडत असेल, तर तुमची पाठ त्याच्या नजरेत राहते. शिवाय कोणतं लक्ष्य कोणाचं, हे आधी वाटून घ्यावं लागतं. नाहीतर दोघांची क्षेपणास्त्रं एकावरच जातात आणि दुसरा शत्रू मोकळा सुटतो. 1980 च्या दशकात स्वीडनच्या विगेन विमानांनी रडारचं चित्र डेटालिंकवरून (विमानांमधल्या रेडिओ जोडणीवरून) आपापसात वाटून घ्यायला सुरुवात केली: एकाचं रडार चालू, बाकीचे आपलं बंद ठेवून त्याच चित्रावर लढणार. एकट्याला हे जमणारच नाही.

शस्त्रांचा पल्ला वाढला तसं अंतर मीटरवरून किलोमीटरवर गेलं. म्हणूनच खालून बघणाऱ्याला विमान एकटं वाटतं. त्याचा जोडीदार नजरेच्या टप्प्याबाहेर असतो.