समायोजन झालं, पण पोर पोचलं का?

बसस्टँडसमोरच्या कट्ट्यावर काल वाद पेटला तो अण्णांच्या एका वाक्यावरून. "छप्पर गळतंय, संडासला पाणी नाही, पोरं वर्गातच सतरंजीवर झोपतात. आदिवासी पोरांची अशी निवासी आश्रमशाळा आठवड्यात बंद करावी, यादी काढावी, जवळच्या शाळांत पोरं वाटून समायोजन करावं. विचार कसला करायचा?" अण्णांची हयात आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात गेली. अशा शाळांबद्दलचा त्यांचा राग खरा आहे.

गुरुजी मात्र अडले. "बंद करा, पण कधी? उन्हाळी सुट्टीत केलीत तर निकाल हातात असतो, पोरं घरी असतात, जूनमध्ये नव्या शाळेत पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर बसतात. जानेवारीत केलीत तर दहावीची पोरं मेली. बोर्डाचे फॉर्म जुन्या शाळेच्या नावाने गेलेले, प्रत्येक विषयाचे अंतर्गत वीस गुण त्याच शाळेने द्यायचे. तेवढा एक वर्ग मार्चपर्यंत जागेवर ठेवा. दोन-तीन शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि स्वयंपाकी ठेवले की भागतं."

"आणि तोवर छत कोसळलं तर?"

"जिवाला धोका असेल तर त्याच रात्री हलवा. पण ते नुसतं हलवणं झालं. झोपायची, जेवायची सोय शेजारच्या शाळेत करा, नावं जुन्याच पटावर राहू द्या. पट बदलायचं काम शांतपणे, वर्ष संपल्यावर."

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. घाईत दोन्ही एकदम करतात आणि मग पोर एका शाळेत जेवतं, त्याचं नाव दुसरीकडे असतं.

वकिलांनी कागदांचा मुद्दा घेतला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. म्हणजे आठवीपर्यंतचं पोर दाखल्यावाचून अडायलाच नको. अडतं ते कॉम्प्युटरवर. यू-डायस या विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत जुन्या शाळेने नाव ड्रॉपबॉक्समध्ये सोडल्याशिवाय नव्या शाळेला ते ओढून घेता येत नाही. शाळेचं लॉगिन आधी बंद झालं की नाव अधांतरी. "म्हणून शेवटचं नाव हलेपर्यंत लॉगिन चालू, आणि एका माणसाच्या नावावर जबाबदारी," वकील म्हणाले. "आणि जनरल रजिस्टर, प्रत्येक पोराच्या प्रवेशाची वही! पानं मोजा, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून सही घ्या, स्कॅन करा, कुणाच्या ताब्यात दिलं ते लिहून ठेवा. जात पडताळणी समिती बापाची, काकाची, आत्याची शाळेतली नोंद मागते. रजिस्टर गहाळ झालं तर आज शाळेत नसलेल्या घरांचंही नुकसान."

त्यांनी अजून एक सांगितलं. शाळा अत्याचाराच्या तक्रारीवरून बंद होत असेल, तर मुलं वीस दिशांना पांगवण्याआधी कोण कुठे गेलं त्याची नोंद तपास अधिकाऱ्याकडे हवी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या पोक्सो कायद्यात न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते. पोरगीच सापडली नाही तर खटला उभा कसा राहणार?

आरोग्य खात्यातल्या ताई इतका वेळ गप्प होत्या. "गाडीत बसवण्याआधी प्रत्येक पोराची गोळी कोणती, ते लिहा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं पोर असेल तर फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया महिनाभराची बरोबर द्या, कार्ड द्या. वाटेत पाणी पाजा. थंडीत उघड्या गाडीतून पाणी न पिता चार तासांचा प्रवास झाला की हातापायांच्या कळा सुरू होतात, आणि नव्या अधीक्षकांना वाटतं पोर घरी जायला रडतंय. फिट येणाऱ्या पोराची गोळी तर एक दिवस चुकवायची नाही."

मग भाषा. कोरकू बोलणारं पहिलीतलं लेकरू सपाटीवरच्या शाळेत टाकलं, तर पोट दुखतंय हे ते सांगणार कुणाला? ताईंचं म्हणणं, लहानांना एकेकटं पाठवूच नका. एका पाड्याची पोरं एका शाळेत, आणि भावंडं तर काहीही झालं तरी एकत्र. थोरली बहीण धाकट्याच्या डोक्यातल्या उवा काढते, त्याला रात्री उठवून बाहेर नेते. रिकाम्या खाटा पाहून यादी केली की ही जोडी पहिली तुटते.

पेटीचंही तसंच. पत्र्याची पेटी, रंगाने घातलेलं नाव, किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. नव्या वसतिगृहात जागा नाही म्हणून पेट्या व्हरांड्यात रचल्या की पोरगं वर्गात बसत नाही, पेटीपाशी बसतं.

"पण आईबापांना कळवलेलं असतं," अण्णा म्हणाले.

"नोटीस लावलेली असते," गुरुजी म्हणाले. "दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीवर. फोन नंबर शेजाऱ्याचा. बाजाराच्या दिवशी पाड्यावरच्या माणसाकडून निरोप धाडा. आणि नव्या शाळेत पालकांचा फोटो द्या. तिथले अधीक्षक बापाला ओळखत नाहीत. ओळख पटेना म्हणून बापाला फाटकातून परत पाठवलं की तो पुढच्या वेळी पोराला घेऊनच जातो."

अण्णा थोडे नरमले. "मग काम पूर्ण झालं कधी म्हणायचं?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या हजेरीवर," गुरुजी.

"होळीनंतरच्या," ताई म्हणाल्या. "सातपुड्यात, मेळघाटात होळीला घरी गेलेल्या आठवी-नववीच्या पोरी परत येतात का ते बघा. तिथेच लग्नं ठरतात."

"आणि आली नाही तर तिच्या घरी जाणार कोण?"

"जुना शिक्षक. त्यालाच पायवाट माहीत असते, आईबाप त्याच्याशीच बोलतात."

"त्याचं समायोजन तर दुसऱ्या तालुक्यात झालेलं असतं," अण्णा म्हणाले. थोडा वेळ थांबून त्यांनी खिशातला कागद काढला. "म्हणजे आधी पोरांची यादी, मग शिक्षकांची. आजवर आम्ही उलटं करत आलो."