‘बाप’ या शब्दाविषयी आणि ओहायोच्या खर्चाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया प्रथम रात्री वाचली आणि लगेच लिहिलेले उत्तर पुसून टाकले. आज सकाळी पुन्हा बसलो आहे. लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीचा कायदा बदलताना ओहायो राज्याने जनतेचा पैसा आणि पोलिसांचा वेळ कसा खर्ची घातला, या माझ्या लेखावर आपण चार मुद्दे मांडले आहेत आणि मध्येच हे वाक्य लिहिले आहे : ‘पोरीबाळींच्या सुरक्षिततेचा हिशेब डॉलरमध्ये मांडणारा माणूस बाप असूच शकत नाही.’

आपले जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. राज्यांनी अशी नोंदणी कशी ठेवावी हे सांगणारा 2006 चा केंद्रीय ॲडम वॉल्श कायदा न स्वीकारणाऱ्या राज्याचे ‘अनुदान जाते’ असे मी मोघम लिहिले होते. प्रत्यक्षात बर्न या, पोलीस व न्यायव्यवस्थेसाठी मिळणाऱ्या एका केंद्रीय अनुदानातील 10 टक्केच कापले जातात. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र या दुरुस्तीने माझेच म्हणणे पक्के होते. टेक्सासमध्ये अंदाज काढला गेला तेव्हा कायदा लागू करण्याचा खर्च सुमारे 3 कोटी 87 लाख डॉलर आणि न केल्यास बुडणारी रक्कम सुमारे 14 लाख डॉलर निघाली. टेक्सासने तो कायदा स्वीकारला नाही, आणि गुन्हेगारांचे लाड केल्याचा आरोप त्या राज्यावर आपणही करणार नाही.

आता त्या वाक्याकडे वळतो. मला दोन मुली आहेत. हा कायदा बदलला तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती, शाळेच्या बसने एकटी जात होती, आणि आमच्या भागातील नोंदणीकृत गुन्हेगारांची यादी मी संगणकावर पाहत असे, जशी इथला प्रत्येक पालक पाहतो. शिवाय ओहायोतील एका काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) हिशेब खात्यात मी अकरा वर्षे काम केले आहे. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, याच्या कार्यालयाच्या जादा कामाच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावरून जात. बाप कोण आणि कोण नाही हे पुण्यात बसून ठरवणाऱ्याने निदान त्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलेले असे, एवढे तरी ऐकून घ्यावे.

1 जानेवारी 2008 पूर्वी ओहायोत न्यायाधीश सुनावणी घेऊन त्या माणसापासून धोका किती, हे पाहत असत. सर्वांत सौम्य वर्गातील माणूस दहा वर्षे, वर्षातून एकदा, शेरीफकडे हजेरी लावी. ॲडम वॉल्श कायद्याला धरून ओहायोने केलेल्या नव्या कायद्याने केवळ गुन्ह्याचे कलम पाहून श्रेणी ठरू लागली : पहिलीत 15 वर्षे दरवर्षी, दुसरीत 25 वर्षे दर 180 दिवसांनी, तिसरीत जन्मभर दर 90 दिवसांनी. न्यायालयाने आधीच वर्ग ठरवून दिलेल्या 26 हजारांहून अधिक लोकांना ॲटर्नी जनरलच्या (राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) कार्यालयाने पत्रे पाठवून नव्या श्रेणी कळवल्या. ज्याच्या दहा हजेऱ्या व्हायच्या तो तिसऱ्या श्रेणीत जाऊन आणखी तीस वर्षे जगला, तर 120 हजेऱ्या होतात, आणि प्रत्येक हजेरीला समोर शेरीफचा एक डेप्युटी बसलेला लागतो. हजेरी चुकली की लेखी इशारा जातो, पत्ता बदललेला असला की तो परत येतो, मग शोध सुरू होतो. पत्राविरुद्ध दाद मागायला 60 दिवस होते. त्या हिवाळ्यात आमच्या न्यायालयाच्या बोळात अर्जांची खोकी भिंतीला लावून ठेवलेली मी पाहिली आहेत.

आणि त्या चिठ्ठ्या. ‘कारण’ या रकान्यात पूर्वी बहुतेक वेळा ‘पत्त्याची पडताळणी, घरी भेट’ असे असे. 2008 मध्ये तिथे ‘अर्ज भरणे’, ‘नोंदी दुरुस्ती’ असे येऊ लागले. घरी जाऊन दार ठोठावणारा माणूस खिडकीमागे बसला, याचे मला बाप म्हणूनच भय वाटले.

पुढे जून 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बोडाइक खटल्यात निर्णय दिला की न्यायालयाने ठरवलेला वर्ग ॲटर्नी जनरलला बदलता येत नाही. जुलै 2011 मध्ये विल्यम्स खटल्यात जुन्या गुन्ह्यांना नवा कायदा लावणेच राज्यघटनेविरुद्ध ठरले. म्हणजे पैसे देऊन भरलेल्या नोंदी पुन्हा पैसे देऊन जुन्या वर्गात न्याव्या लागल्या, आणि एकाच खिडकीवर गुन्ह्याच्या तारखेप्रमाणे दोन नियम चालू राहिले. हा खर्च कोणा गुन्हेगाराच्या खिशातून गेला नाही, माझ्या शेजाऱ्यांच्या करातून गेला.

आपले बाकीचे मुद्दे थोडक्यात. अशा नोंदणीचा खर्च आणि परिणाम तपासणारा न्यू जर्सीचा अभ्यास 2008 चा आहे म्हणून तो ‘शिळा’ ठरत नाही. 15 काउंट्यांत 2007 या एका वर्षात सुमारे 39 लाख डॉलर खर्च होऊनही पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसले नाही, आणि न्यू जर्सीतल्या एडिसन गावचे माझे वाचक तो खर्च भरणाऱ्यांत आहेत. पीडितांच्या कुटुंबांना सोसावा लागणारा खर्च मी मोजला नाही, हे आपले म्हणणे या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे. आपण काढलेली भारतातील लैंगिक गुन्हेगारांची यादी 20 सप्टेंबर 2018 पासून आहे आणि ती पोलिसांपुरतीच आहे. ती सर्वांना खुली करावी की नाही, हा वाद मी इथे सुरू केलेला नाही.

या आकड्यांवर आपण पुन्हा लिहिलेत तर प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवीन. माझ्या मुलींना वादात ओढणारी प्रतिक्रिया मात्र, मग ती कोणाचीही असो, काढून टाकीन.