'यंत्र' म्हणजे 'यमापासून तारणारं' नाही!

फॅमिली ग्रुपवरचा हा मेसेज तुम्हालाही आला असेलच: 'यंत्र = यम + त्र, म्हणजे यमापासून तारणारं. घरात तांब्याचं यंत्र ठेवा, औषधं लागणार नाहीत. इंजिन हा शब्दही यंत्रावरूनच आला. यंत्र पुल्लिंगी, म्हणून बायकांनी शिवू नये.' हे वाचून आमची आत्या विचारतेय की बीपीची गोळी बंद करू का. अजिबात नाही, गोळी चालूच ठेवायची.

पहिलं म्हणजे हा यम तो यम नव्हेच. धातू (म्हणजे क्रियापदाचं मूळ) आहे यम्, म्हणजे आवरणं, रोखून धरणं. नियंता, नियंत्रण हे शब्द पण त्याचेच. पुढचा त्र हा प्रत्यय, ज्याने काम होतं ते साधन दाखवणारा. पाणिनीचं ३.२.१८२ सूत्र काढून बघा, त्यात दा (कापणं) वरून दात्र म्हणजे विळा, नी वरून नेत्र, शस् वरून शस्त्र. यम् त्या यादीत नाही, पण उणादिसूत्रांत (धातूंना प्रत्यय लावून शब्द कसे होतात ते सांगणारी व्याकरणाची जुनी सूत्रं) हाच प्रत्यय सगळ्या धातूंना लावायची मुभा दिलीय. आणि शस् म्हणजे तर कापणं, मारणं, मग शस्त्रातला त्र कोणाला तारतो ते सांगा की!

तारणारा त्र संस्कृतात आहे, हे मान्य. तनुत्र म्हणजे चिलखत, आतपत्र म्हणजे छत्री. पण तिथे आधीचं नाम अख्खं राहतं, त्या हिशोबाने 'यमत्र' झालं असतं, यंत्र नाही.

औषधं नकोत म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला ७वा अध्याय उघडावा. तिथे १०१ यंत्रं सांगितलीत आणि ती सगळी वैद्याची हत्यारं आहेत! स्वस्तिकयंत्र म्हणजे १८ अंगुळं लांबीचा चिमटा, तोंड सिंहासारखं नाहीतर कावळ्यासारखं, मधे मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेला, हाडात रुतलेलं शल्य उपसून काढायला. आणि सगळ्यात मुख्य यंत्र कुठलं, तर हात, असं सुश्रुत स्वतः म्हणतो.

इंजिन लॅटिनच्या 'इंगेनियम' वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं, विषय संपला.

राहिलं लिंग. यंत्र नपुंसकलिंगी आहे, यन्त्रम्, यन्त्रे, यन्त्राणि, मराठीतही आपण 'ते यंत्र' म्हणतो. आणि असतं पुल्लिंगी, तरी शब्दाच्या लिंगावरून कोणी काय शिवायचं हे ठरत नाही. संस्कृतात बायकोला 'दार' असा एक शब्द आहे, तो पुल्लिंगी आहे, आणि एकाच बायकोबद्दल बोलतानाही तो चालवतात अनेकवचनात.