डोकी मोजून हवा स्वच्छ होत नाही

विकसनशील देशांतल्या प्रदूषणाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मूळ रोग लोकसंख्येचा आहे. ती आवरा, बाकी सगळं आपोआप सुटेल." चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं. मला हे पटत नाही. आणि हे बोलणं निरुपद्रवी आहे असंही वाटत नाही.

चीन बघा. २००० ते २०२२ या काळात तिथली लोकसंख्या वाढली जेमतेम ११-१२ टक्के. कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन मात्र तिपटीच्या वर गेलं. यातली बहुतेक वर्षं तिथे एक मूल धोरण चालू होतं! वाढ झाली ती पोलाद, सिमेंट, कारखाने आणि त्यांच्यासाठी जाळलेल्या कोळशामुळे. आता दुसरं टोक, पश्चिम आफ्रिकेतला नायजर. जन्मदरात हा देश जगात अगदी वरच्या रांगेत, बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं. पण तिथलं दरडोई उत्सर्जन वर्षाला साधारण एक दशांश टन. अमेरिकेत तेच १४ टनांच्या घरात. एका अमेरिकन माणसाच्या वाट्यात नायजरची शंभराहून जास्त माणसं बसतात. मग आवरायचं कुणी आणि काय?

माणसं वाढल्याने काहीच बिघडत नाही, असं माझं म्हणणं नाही. लागोस, ढाका, किन्शासा या शहरांत गटारं, पाणी, कचरागाड्या पोचायच्या आधी वस्ती पोचते, आणि तो ताण खरा आहे. पण बांगलादेशाचंच बघा. सत्तरच्या दशकात तिथे बाईमागे जवळपास सात मुलं होती, आज दोनच्या आसपास आहेत. गरीब देशाने कुटुंब नियोजनात मिळवलेलं हे मोठं यश आहे. तरीही ढाक्याची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये मोडते. शहराभोवतीच्या वीटभट्ट्या धूर ओकतच राहिल्या, पाळणे कमी हलले म्हणून त्यांचा धूर काही कमी झाला नाही.

शिवाय लोकसंख्येची गती एकदम थांबत नाही. भारताचा प्रजनन दर (बाईमागे सरासरी मुलं) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) २.० वर आला, तरी आज तरुण असलेली पिढी मोठी असल्याने एकूण आकडा अजून काही दशकं वाढणारच. २०४० साली वीज वापरणारी बहुतेक माणसं आधीच जन्मलेली आहेत. त्यांना हवा कुठली द्यायची, एवढाच प्रश्न आपल्या हातात आहे.

मला सगळ्यात जास्त छळतो तो चुलीचा धूर. पावसाळ्यात सरपण ओलं असतं. ते पेटत नाही, नुसतं धुमसतं. बाई फुंकणी घेऊन चुलीशी वाकते, जोर लावून फुंकते आणि पुढचा श्वास तिथेच, त्याच धुरात घेते. शेजारी बसलेलं पोरही तेच ओढतं. जगात २०० कोटींहून जास्त माणसांचा स्वयंपाक आजही लाकूड, शेण, कोळसा, रॉकेल असल्या इंधनांवर होतो. घरातल्या या धुरामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या बाईला गॅस किंवा विजेची शेगडी मिळाली तर तिचा सिलिंडर नाहीतर वीजबिल देशाच्या ऊर्जावापरात मोजलं जाईल, आणि तिच्या घरातलं प्रदूषण मात्र घटेल. वापर वाढला की प्रदूषण वाढतंच, हे समीकरण इथेच मोडतं. सरपणाला जाणारे मुलीचे तास शाळेला मिळतात तो फायदा वेगळाच. मुली शिकल्या की जन्मदर उतरतो, हे देशोदेशी दिसलेलं आहे.

नायजेरियात वीस कोटींवर माणसांसाठी वीजजाळ्यातून मिळतात साधारण चार-पाच हजार मेगावॉट. म्हणून दुकानादुकानांत, घराघरांत पेट्रोल-डिझेलचे जनरेटर धडधडत असतात, खिडकीखालीच धूर सोडत. ही वीज महाग आणि वर विषारी. इतकं प्रदूषण तिथे होतं ते वीज कमी आहे म्हणून.

आणि जिथे खरंच मनावर घेतलं गेलं तिथे हवा बदलली आहे. २०१३ साली बीजिंगमध्ये पीएम २.५ चं, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं, वार्षिक प्रमाण घनमीटर हवेत ९० मायक्रोग्रॅमच्या जवळ होतं, २०२१ मध्ये ते ३३ वर आलं. माणसं तितकीच, दोन कोटींच्या वर. कोळशाचे बॉयलर बंद केले, कारखाने हलवले, गाड्यांचे नियम कडक केले. (हवेचं बोलतोय. कार्बनचं भांडण वेगळं आहे आणि चीनचं ते अजून मिटलेलं नाही.) भारताने औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २०१५ सालीच घातली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच. यात लोकसंख्येचा काय दोष?

म्हणूनच हे बोलणं मला धोक्याचं वाटतं. चिमणीवाल्याला जाब विचारायचं राहून जातं आणि बोट वळतं गरीब घरातल्या बाईकडे. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने काय केलं ते आपण पाहिलंय. आणीबाणीच्या जेमतेम एक वर्ष आधी, १९७४ साली, बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंह यांनी विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक असल्याचं सांगितलं होतं.

आज भांडायचंच असेल तर व्याजदरावर भांडा. सौर पॅनेलच्या किमती दशकभरात जवळपास ९० टक्क्यांनी उतरल्या, पण विकसनशील देशांत सौर प्रकल्पासाठी भांडवल उभं करायला श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट खर्च येतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो, त्यामुळे महाग कर्जात तो बुडतो आणि कोळसा पुन्हा स्वस्त दिसायला लागतो. हवामान परिषदांमधून गरीब देशांना पैसा देण्याच्या घोषणा होतात, त्यातलाही मोठा हिस्सा पुन्हा कर्जच असतो. ते कर्ज स्वस्त करा, जोखीम श्रीमंत देशांनी उचलावी, ही मागणी आपल्या सरकारांनी प्रत्येक परिषदेत टेबलावर हात आपटून करायला हवी.